टर्नबुलसाहेबांसाठी तीन अळ्या

दत्तप्रसाद आठल्यांनी आलेल्या प्रत्येक पत्राला आठवड्याच्या आत उत्तर लिहिलं होतं. राहिलं होतं ते एकच, आणि ते नेमकं टर्नबुलसाहेबांचं.

हे निळं एरोग्राम, म्हणजे एकाच कागदाची घडी घालून चिकटवायचं हवाईपत्र, १९९९च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातून आलं होतं. २००२च्या मार्चमध्ये, आखातात, अल मनखूलमधल्या फ्लॅटमध्ये कार्गोचे खोके भरताना, ते विभावरीबाईंच्या हातात पडलं. एका जाडजूड पुस्तकात, पान एकशे बारावर, खूण म्हणून ते घातलेलं होतं. पुस्तकही त्या पानापुढे सरकलं नव्हतं.

"अहो, हे टर्नबुलसाहेबांचं ना? काय उत्तर लिहिलंत?"

दत्तप्रसाद खोक्याला चिकटपट्टी लावत होते. त्यांनी आणखी एक पट्टी लावली. मग त्या पट्टीवर अजून एक.

"अहो, तुम्हाला विचारतेय मी."

"लिहायचंय."

"लिहायचंय? अडीच वर्षं झाली की!"

"दोन वर्षं चार महिने," दत्तप्रसाद हळू आवाजात म्हणाले. तारखेची चूक त्यांना सहन होत नसे.

एका इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीच्या नकाशाघरात त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. कुठला नकाशा कुठल्या फडताळात आहे, त्यात कधी काय बदललं, हे सांभाळणं त्यांचं काम. स्वभाव इतका भिडस्त की लिफ्टमध्ये कुणी आधीपासून असलं तर ते जिन्याने जात. पण एका बाबतीत ते वाघ होते. नकाशातले बदल कागदाच्या मागच्या बाजूला नोंदलेले असत, आणि कागद उलटून पाहिल्याशिवाय ते कुणालाही नकाशा बाहेर नेऊ देत नसत. "आधी पाठ बघा, मग पोट," असं ते सीनियर इंजिनिअरांनाही ऐकवत. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: 'मागे पाहावे'.

टर्नबुलसाहेब त्यांचे चीफ. १९८७च्या ऑगस्टमध्ये, भर दुपारी, विभावरीबाईंना कळा सुरू झाल्याचा फोन ऑफिसात आला. लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी उशीर करू नका म्हणून चार वेळा बजावलं होतं. टॅक्सी मिळेना. दत्तप्रसाद हातात नकाशाची गुंडाळी घेऊन जिन्यात नुसतेच उभे राहिले. टर्नबुलसाहेबांनी त्यांना दंडाला धरून आपल्या गाडीत कोंबलं, घरून विभावरीबाईंना उचललं आणि तीन लाल सिग्नल तोडून हॉस्पिटल गाठलं. अजून पंधरा मिनिटं गेली असती तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर दोघे तीन तास बसले. साहेबांना धीर द्यायची भाषा येत नव्हती. त्यांना एकच विषय येत होता: ट्राउट मासा आणि त्याच्यासाठी बांधायची निंफ. निंफ म्हणजे पाण्याच्या तळाशी वाढणारी, पंख न फुटलेली माशी. तिची नक्कल गळाला बांधायची. दोरा वापरायचाच नाही. गळावर आधी तांब्याची बारीक तार गुंडाळायची, तेच तिचं वजन. त्यावर तपकिरी पिसाचे चार तंतू, तेही त्याच तारेने. वर जरा फुगीर, शेपटीकडे गाजरासारखी निमुळती. आणि सडपातळ! जाडी झाली की ती पाण्यात उतरतच नाही, नुसती लोळते. ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची, बुडू द्यायची, आणि माशाजवळ आली की काठी अगदी हलकेच उचलायची. तळातली अळी वर निघाली असं माशाला वाटतं, आणि मग त्याला राहवत नाही. निंफकडे बघायचं नाही, दोरीकडे बघायचं. दोरी थांबली की समजायचं, लागला.

दत्तप्रसादांनी हे सगळं हातातल्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर लिहून घेतलं. वाटीभर वरणात मासा पोहून गेला असं कुणी म्हटलं तरी जेवण टाकणारे हे गृहस्थ. पण हाताला काहीतरी काम हवं होतं. मुग्धा झाली तेव्हा पाठ पूर्ण भरली होती.

साहेबांचा समज झाला असावा की ह्याला गोडी लागली. १९९४ साली निवृत्त होऊन मायदेशी जाताना त्यांनी आपली निंफ बांधायची पेटी दत्तप्रसादांना देऊन टाकली. त्यात टेबलाच्या कडेला स्क्रूने बसणारी छोटीशी पितळी पकड होती, गळ होते, पिसं होती. पिसं विभावरीबाईंनी त्याच आठवड्यात फेकून दिली. पकड मात्र त्यांना फार आवडली. साडीला फॉल लावताना कापड ताणून धरायला अशी दुसरी वस्तू नाही. दर ख्रिसमसला दत्तप्रसाद कार्डात लिहीत, 'आपली पेटी रोज वापरात आहे.' त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना ते फार टोचायचं.

आणि मग ते पत्र आलं. साहेबांनी लिहिलं होतं: 'माझे हात आता थरथरतात. गळ धरवत नाही. दुकानातल्या निंफ सणाच्या कोंबड्यासारख्या फुगलेल्या असतात. तुझा एव्हाना चांगला हात बसला असेल. एप्रिलात नदी मासेमारीला उघडते. मला तीन बांधून पाठवशील?'

दत्तप्रसादांनी ते एकदाच वाचलं. परत घडी घातली आणि पान एकशे बारामध्ये ठेवून दिलं.

"येत नाही म्हणून कळवायचंत," विभावरीबाई म्हणाल्या.

"पाच वर्षं रोज वापरात आहे म्हणून लिहिलं होतं ना. मग वाटलं, शिकून पाठवू. मग उशीर झाला. मग उशीर झाला म्हणून लाज वाटली."

"आणि त्यांचं कार्ड?"

"डिसेंबरात आलं होतं. नुसती सही." त्यांनी पट्टीची कड दाबून बसवली. "थरथरलेली."

विभावरीबाई खोक्यावर बसल्या. दत्तप्रसादांना साठ पूर्ण झाली होती, व्हिसा संपत होता. मुग्धाची नववीची परीक्षा झाली होती. दोन आठवड्यांनी पुण्याला कायमचं जायचं होतं.

"ऐका," त्या म्हणाल्या. "त्या माणसामुळे मी आहे आणि ही पोर आहे. त्याने तीन अळ्या मागितल्या, गाडी-बंगला नाही मागितला. त्या बांधून, पोस्टात टाकून मगच विमानात बसायचं. नाहीतर तुम्ही राहा इथेच."

"व्हिसा नाही," दत्तप्रसाद म्हणाले.

शुक्रवारी जेवायला बाबाजी आला. तो विभावरीबाईंच्या माहेरचा, देवगडचा. शारजाच्या औद्योगिक भागात जळलेल्या विजेच्या मोटारींना नवी तार भरायच्या वर्कशॉपमध्ये होता. एकटा राहायचा आणि दर शुक्रवारी ताईकडे वरणभात खायचा. ताईने फोनवर सांगितल्याप्रमाणे त्याने केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं रीळ आणलं होतं. पिसांच्या जागी काय, हा प्रश्न मुग्धाने सोडवला होता. तिने नारळाच्या शेंडीतून चार तंतू उपसून वडिलांपुढे धरले. "ब्राउन. थिन. फ्री," ती म्हणाली.

दत्तप्रसादांनी नकाशा उलटा पसरला, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि दोन तासांत एक निंफ बांधली. ती गाजरासारखी निमुळती होती. फक्त गाजराने आठवडाभर दाढी केली नसावी.

बाबाजीने ती तळहातावर घेतली. उलटसुलट करून पाहिली.

"भावजी, वाईट वाटून घेव नकात. पण ह्येका मासो इचारतलो तरी काय?"

"सडपातळच हवी, बाबाजी. साहेबांनी तसं सांगितलंय."

"सायबाक सडपातळ होयी, माशाक नको! आमच्या देवगडाक गरीक अख्खी कोळंबी लावतत. मासो म्हणजे पावणो. पावण्यापुढे कोणी नुसती काडी ठेवता?"

"ते मासा खायला पकडत नाहीत. पकडतात आणि परत सोडून देतात."

बाबाजीने ताईकडे पाहिलं. ताईने मान डोलावली.

"सोडून देतत?" तो म्हणाला. "म्हणजे माशाक जेवूक बोलवायचा, पोटभर घालायचा नाय, आणि वर सोडून द्यायचा? अरे काय ही माणसां!"

त्याने पकड आपल्याकडे ओढली. मोटारीची तार भरताना वेढा कमी पडलेला त्याला चालत नसे. त्याने निंफवर आणखी तीन थर चढवले, त्यावर शेंडीचा दुसरा झुपका बांधला. आता ती सुपारीएवढी झाली. विभावरीबाईंना ती फारच काळवंडलेली वाटली.

"पंधरा वर्षांनी काही पाठवतोय. असं ओकंबोकं?" असं म्हणून त्यांनी शालूच्या काठातली जर काढली आणि पोटावर चार वेढे दिले.

"आई, इट्स अ बग," मुग्धा म्हणाली, "नॉट अ ब्राइड."

दत्तप्रसादांना हे सगळं मोडून काढावं असं फार वाटत होतं. पण कुणाच्या मेहनतीला नाव ठेवायचं त्यांच्या जिवावर येई. त्यांनी मधला मार्ग काढला. "पाण्यात बघू या कशी उतरते. लोळली तर उतरवू."

बाथटबात बघायचं ठरलं. पडद्याची दांडी ही काठी झाली, फॉल लावायचा नायलॉनचा दोरा ही दोरी. बाबाजीने नळ पूर्ण सोडला आणि नदी सुरू झाली. नळ हा डोंगर, भोक हा समुद्र.

"मासो खंय आसा?" बाबाजीने विचारलं.

मासा म्हणून मुग्धाने मध्यावर निळा मग धरला. दत्तप्रसादांनी निंफ नळाखाली टाकली. ती पाण्यात उतरली नाही. साहेबांनी म्हटल्याप्रमाणे ती लोळली. लोळतलोळत, जर चमकवत, ती मगाला वळसा घालून गेली आणि दत्तप्रसाद "हलकेच उचलायची" हे वाक्य मनात पूर्ण करतात तोवर भोकात गुडुप झाली. भोकावरची जाळी दोन वर्षांपूर्वीच तुटली होती.

दोरी थांबली.

'दोरी थांबली की समजायचं, लागला.' दत्तप्रसादांनी काठी उचलली. काही हललं नाही.

"मोठो आसा!" बाबाजी ओरडला. आता त्याच्या रक्तातलं देवगड जागं झालं होतं. "सोडू नकात भावजी! ढील द्या! आता ओढा!"

दांडी वाकली. विभावरीबाईंनी नवऱ्याची कंबर धरली. दोरा कट्कन तुटला आणि दोघे कपडे धुवायच्या मशीनवर जाऊन आदळले. इकडे भोक बंद झालं होतं आणि टब भरत चालला होता. बाबाजीने नळ फिरवला. तो अवजड मोटारींच्या सवयीने फिरवला. नळाची चावी त्याच्या हातात आली, पाणी क्षणभर नळातच अडलं, आणि मग फार जोरात बाहेर आलं.

दहा मिनिटांनी दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या शहरबानू होत्या, मूळच्या हैदराबादच्या. हातात बादली, बादलीत त्यांच्याच छतातून गळलेलं पाणी.

"भाबी, क्या हो रा ऊपर? मेरे दीवानखाने में बारिश हो री! सोफा भीग गया, मियाँ छतरी लेके बैठे हैं!"

त्यांच्यामागून इमारतीचा नातूर, म्हणजे पहारेकरी, अन्वर आला. त्याने आत जाऊन मुख्य कॉक बंद केला, भोकात बोट घातलं आणि किंचाळून बाहेर काढलं.

"इसमें काँटा है! टब में काँटा कौन डालता है?"

सगळ्यांनी दत्तप्रसादांकडे पाहिलं. ते निथळत उभे होते, हातात पडद्याची दांडी. त्यांना खूप सांगायचं होतं. हॉस्पिटल, तीन सिग्नल, थरथरलेली सही. तोंडातून एवढंच आलं, "मछली."

"टब में मछली?" शहरबानू म्हणाल्या.

अन्वर लांब स्प्रिंग आणायला खाली पळाला. विभावरीबाईंनी शहरबानूंना खुर्चीवर बसवलं, चहा ठेवला. दत्तप्रसाद आत गेले आणि पुरावा म्हणून ते पत्र घेऊन आले. मुग्धाने ते उघडून दोन्ही हातांत उभं धरलं आणि समोर बसलेल्या शहरबानूंना हिंदीत सांगत वाचलं. साहेबांचे हात, फुगलेल्या निंफ, तीन बांधून पाठवशील का. वाचता वाचता तिचा आवाज जरा खाली आला. एवढं सगळं तिलाही ठाऊक नव्हतं.

"खलास," ती शेवटी म्हणाली. "दॅट्स ऑल."

"कैसा खलास?" शहरबानू पुढे वाकल्या. "इधर पीछे भी तो कुछ लिखा है, बेटी. मेरी तरफ."

मुग्धाने कागद उलटला. एरोग्रामची जी पट्टी घडीत आत दुमडली जाते, तिच्या पाठीवर बारीक, वाकड्या अक्षरात सात-आठ ओळी होत्या.

दत्तप्रसाद खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. नकाशाघराच्या दारावर सव्वीस वर्षं टांगलेली पाटी त्यांना इथूनही वाचता येत होती.

"बाबा," मुग्धा म्हणाली, "यू नेव्हर टर्न्ड इट ओव्हर?"

"वाच," विभावरीबाई म्हणाल्या.

साहेबांनी लिहिलं होतं: 'दत्ता, एक कबुली. तू एकही निंफ कधी बांधली नसशील तर माझ्यासाठी मुळीच बांधू नकोस. तुला यात गोडी नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. त्या बाकावर तुझे हात कापत होते म्हणून तू लिहीत होतास. आणि मी घाबरलो होतो म्हणून बोलत होतो. पेटी दिली ती मला त्या दिवसाची आठवण कुणाकडे तरी ठेवायची होती म्हणून. दुकानातल्या निंफ जाड आहेत, पण आता मीही आहे. मला खरं हवंय ते एवढंच: मुलगी कशी आहे? तेवढं मात्र कळव.'

शहरबानूंनी बादली खाली ठेवली. कुणाच्या लक्षात येण्याआधी दत्तप्रसादांनी दोन्ही चष्मे काढून पुसायला घेतले.

"बिचारा बुढ्ढा," शहरबानू म्हणाल्या. "दो साल से पूछ रा, लड़की कैसी है. और आप लोग टब में मछली पकड़ रे."

तेवढ्यात न्हाणीघरातून अन्वरचा विजयी आवाज आला. "आ गया! आ गया!"

स्प्रिंगच्या टोकाला काळ्या केसांचा एक भला मोठा बोळा होता, आणि त्याच्या मागोमाग टबातलं पाणी घळघळ वाहून गेलं. हा टब कित्येक वर्षं तुंबायचा आणि मेंटेनन्सवाले "इन्शाल्ला, कल" म्हणायचे.

"बघा भावजी," बाबाजी म्हणाला. "अर्धो किलो तरी भरतलो."

बोळ्यातून अन्वरने जपून गळ सोडवला. विभावरीबाईंची जर नळीतच कुठेतरी राहिली होती. बाबाजीचे तीन थर, दुसरा झुपका, गाजराची दाढी, सगळं ओढाताणीत सोलवटून गेलं होतं. तळहातावर उरली होती एक तपकिरी, सडपातळ, वर जरा फुगीर आणि शेपटीकडे निमुळती निंफ. दत्तप्रसादांनी नकाशा आणून पडताळून पाहिलं. एकही गोष्ट कमी नव्हती.

"ह्यां काय राह्यला?" बाबाजी हळहळला. "पावण्याच्या ताटात नुसतो मिठाचो खडो."

"हेच हवं होतं, बाबाजी," दत्तप्रसाद म्हणाले. आणि मग, कुणीही विचारलेलं नसताना, सगळ्यांच्या समोर मोठ्याने: "तुझ्या हाताशिवाय ही झाली नसती."

त्यांनी नंतर शहरबानूंचा सोफा उन्हात ठेवायला मदत केली, आणि त्यांच्या मियाँची छत्री स्वतः वाळवून दिली. तीन वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा त्या घरात ते पाच मिनिटं बसले.

उत्तर त्याच संध्याकाळी लिहिलं. त्यात पेटी साडीच्या फॉलसाठी वापरली हे लिहिलं, पिसं फेकून दिली हेही लिहिलं. निंफ एकच आहे, ती शेंडीची आहे, आणि तिने आजवर एकच शिकार केली आहे, तिची हकिगतही लिहिली. मुग्धाने स्वतःच्या हाताने एक परिच्छेद लिहिला: ती पंधराची होईल, तिला चित्रं काढता येतात, गणित येत नाही, आणि तिला ते तीन सिग्नल कोणते हे जाणून घ्यायचंय. खाली पान संपलं. मग दत्तप्रसादांनी कागद उलटला आणि पंधरा वर्षं मनात घोळवलेलं एकच वाक्य मागच्या बाजूला लिहिलं. ते विभावरीबाईंनाही दाखवलं नाही.

नंतर त्यांना शंका आली. त्यांनी पुढच्या बाजूला, तळाशी, ठळक अक्षरात लिहिलं, 'मागे पाहावे.' शेजारी बाण काढला. थोडा विचार करून त्याच्याखाली आणखी दोन बाण काढले.

शनिवारी सकाळी ते करामाच्या पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसाने पाकीट चाचपलं.

"अंदर क्या है, अंकल? चुभता है."

"कीड़ा," दत्तप्रसाद म्हणाले. मग घाईघाईने, "नकली. तांबे का. दुबला है."

माणसाने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि शिक्का मारून पाकीट परत दिलं. "वो बाहर डिब्बे में डालो."

दत्तप्रसादांनी पाकीट पेटीच्या फटीत सरकवलं आणि सोडलं. हात मात्र तिथेच, फटीच्या तोंडाशी, हलकेच वर उचललेला राहिला, खाली काही थांबतंय का याची वाट बघत. मागे रांगेत चार माणसं झाली होती.

"यल्ला, अंकल, चलो," कुणीतरी म्हणालं.

"शुक्रन," दत्तप्रसाद आभार मानून म्हणाले, आणि बाजूला झाले.